मर्झूगाला जायचंय? मग एक जेवण रिसानीत ठेवा

प्रश्न असा आला आहे: नाशिकचं सहाजणांचं कुटुंब नाताळच्या सुट्टीत मोरोक्कोला निघालंय. सोमवारी सकाळी फेझहून निघायचं, संध्याकाळी मर्झूगाच्या वाळूत तंबूत मुक्काम, मंगळवारी सकाळी उठून माराकेशच्या दिशेनं रवाना. बरोबर आईवडील आहेत, दोघंही शाकाहारी, वडिलांना मधुमेह. नवराबायको आणि दोन मुलं चिकन-मटण खातात, गोमांस कुणीच खात नाही. "मर्झूगात चांगलं जेवण कुठे मिळेल? जो तो सांगतो की तिथे रोज तेच ते ताजीन."

या भागात मी मराठी मंडळींचे गट बरीच वर्षं नेते आहे, त्यामुळे आधी उत्तर सांगते आणि मग कारणं. मर्झूगात हॉटेल शोधत बसू नका. तुमचं त्या भागातलं सगळ्यात चांगलं जेवण मंगळवारी दुपारी रिसानी या जवळच्या बाजारगावात होऊ शकतं, आणि तुमची गाडी तसंही रिसानीवरूनच जाणार आहे. फक्त त्यासाठी माराकेशच्या वाटेवर पळत सुटण्याची घाई सोडावी लागेल. आणि या भागात कुठेही जेवायचं असलं तरी एक सवय लावून घ्या: दुपारचं जेवण सकाळी सांगायचं, रात्रीचं दुपारी सांगायचं. माझ्या अनुभवात वाळवंटातल्या फसलेल्या जेवणांपैकी बहुतेक जेवणं आयत्या वेळी मागितलेली असतात.

मर्झूगा हे एर्ग शेब्बीच्या वाळूच्या टेकड्यांना चिकटलेलं छोटं गाव आहे. टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच जातात, माणसं येतात ती त्या बघायला, आणि गावातली हॉटेलं चालतात ती या माणसांवर. तिथे भाजी पिकवणारी मोठी शेती नाही. गावाला आणि तंबूंना लागणारी भाजी, मांस, पीठ, पुदिना, जवळजवळ सगळं पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या रिसानीहून येतं. रिसानीचा बाजार मंगळवार, गुरुवार आणि रविवारी भरतो. म्हणजे मर्झूगातल्या स्वयंपाक्याच्या हातात काय असेल हे बाजाराचा वार ठरवतो. सोमवारी संध्याकाळी पोहोचलात तर पानात रविवारची भाजी येईल, आणि सहसा टिकाऊ भाजी येईल: बटाटा, गाजर, कांदा, कोबी. "तेच ते ताजीन" ही तक्रार इथून जन्माला येते. स्वयंपाकी आळशी असतो असं नाही.

दुसरं कारण वेळेचं. ताजीन म्हणजे शंकूच्या आकाराच्या झाकणाचं मातीचं भांडं आणि त्यात शिजलेला पदार्थ, दोन्हीला तेच नाव. कोळशाच्या मंद आचेवर ते दीड-दोन तास घेतं. कुणी तुम्हाला वीस मिनिटांत ताजीन आणून दिलं तर ते सकाळीच शिजवून ठेवलेलं आणि आता गरम केलेलं आहे, किंवा भाज्या वेगळ्या उकडून भांड्यात रचल्या आहेत. त्यात फसवणूक नाही. भुकेला पाहुणा थांबायला तयार नसतो, म्हणून त्यांनी काढलेला तो मार्ग आहे. तुम्ही सकाळी फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं की रात्री आठला सहा माणसं येतील, चार जणांना मटण, दोघांना भाजी, तर त्याच हॉटेलातून वेगळंच जेवण येतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता रिसानीबद्दल, कारण खरी मेजवानी तिथे आहे.

रिसानी हे ताफिलाल्त नावाच्या मोठ्या मरुद्यानातलं बाजारगाव. मोरोक्कोचं आजचं राजघराणं मूळचं इथलं. गावाच्या कडेला सिजिलमासाचे मातीचे भग्नावशेष आहेत. इसवी सन 757 मध्ये वसलेलं हे शहर सहारा ओलांडून येणाऱ्या सोन्याच्या व्यापारावर मोठं झालं. चौदाव्या शतकातला मोरोक्कन प्रवासी इब्न बतूता 1352 साली इथूनच मालीकडे निघाला, आणि निघण्याआधी त्यानं इथे उंट आणि उंटांसाठी चार महिन्यांचा चारा विकत घेतला. इथल्या खजुराला त्यानं बसऱ्याच्या खजुराहून सरस ठरवलं आहे. हाच माणूस त्याआधी आपल्याकडे दौलताबाद आणि नंदुरबारला येऊन गेला होता, आणि तिथले मराठे तांदूळ, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जनावरं मारणं त्यांना आवडत नाही, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. तुमच्या आईवडिलांना ही गोष्ट जरूर सांगा. वाळवंटात शिरण्याआधी शिधा भरून घ्यायचं गाव ही रिसानीची भूमिका तेव्हापासून आजवर तशीच आहे.

बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं येतात. गाढवांसाठी वेगळा वाडा असतो, तिथे शेकडो गाढवं बांधलेली दिसतात, मुलांना तो फार आवडतो. एका बाजूला मेंढ्या-बकऱ्यांचा बाजार, एका बाजूला मसाले, खजूर, भाज्या, आणि छपराखाली खाटकांची दुकानं. तुम्हाला जायचंय ते खाटकांच्या ओळीकडे आणि तिथून जवळच्या भट्टीकडे. या सामायिक भट्टीला तिथे फरान म्हणतात. घरोघरी मळलेल्या पिठाच्या भाकऱ्या फळीवर ठेवून पोरंटोरं इथे आणतात आणि भाजून परत नेतात.

इथला पदार्थ म्हणजे मदफूना. पर्यटकांना तो "बर्बर पिझ्झा" म्हणून विकतात, पण पिझ्झाशी त्याचा संबंध नाही. आपल्या पुरणपोळीसारखं सारण आत बंद केलेली, ताटाएवढी जाड तिखटमिठाची पोळी डोळ्यांसमोर आणा. आत बारीक चिरलेलं किंवा खिमा केलेलं मांस, भरपूर कांदा, कोथिंबीर-पार्सली, जिरं, लाल मिरचीची सौम्य पूड, थोडी चरबी, कुठे बदाम, कुठे उकडलेलं अंडं. पूर्वी ही निखाऱ्यांखाली तापलेल्या वाळूत पुरून भाजत. आज गावात ती लाकडाच्या भट्टीत भाजली जाते. वरची कड खरपूस, आत मांसाचा रस पिठानं पिऊन टाकलेला. तुकडे कापून हातानं खायची. एक मोठी मदफूना चार माणसांना पुरते.

ती मिळवायची रीत अशी. सकाळी दहाच्या सुमाराला रिसानीत पोहोचा. खाटकाकडे अर्धा किलो मांस घ्या आणि मदफूनासाठी हवंय एवढंच सांगा. पुष्कळ दुकानात तो स्वतःच कांदा, मसाला घालून सारण तयार करून देतो. मग ते घेऊन फरानवर जा, तिथे पीठ त्यांचं, सारण तुमचं. तुमचा चालक बहुधा त्याच भागातला असेल, त्याला आदल्या रात्री सांगून ठेवलंत तर तो हे सगळं हौसेनं करून देतो. तासाभरात बाजार फिरून या, बाराच्या आसपास मदफूना भट्टीतून बाहेर येते, आणि शेजारच्या चहाच्या दुकानात बसून ती खाता येते. चहा त्यांचा घेतलात की बाहेरचं खाणं आणलं म्हणून कुणी काही म्हणत नाही. ही सगळी खटपट नको असेल तर रिसानीतली साधी हॉटेलंही मदफूना करून देतात, पण त्यांनाही तास-दीड तास आधी सांगावं लागतं.

इथे गोमांसाची गोष्ट नीट समजून घ्या. मदफूना आणि केफ्ता, म्हणजे खिम्याचे कबाब, हे दोन्ही बऱ्याचदा गाईच्या मांसाचे असतात, आणि कुणी ते तुम्हाला मुद्दाम सांगणार नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नाही. खाटकाला "गन्मी" म्हणा, म्हणजे मेंढीचं. "बगरी" म्हणजे गाईचं. "मआझी" म्हणजे बकरीचं. कोंबडीला "दजाज". समोर कापून घेताय म्हणून इथे शंकेला जागा उरत नाही, हाही या पद्धतीचा फायदा. मर्झूगाच्या तंबूत खिम्याचे कबाब आले तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

आईवडिलांसाठी दुसरी मदफूना वेगळी करून घ्या. कांदा, टोमॅटो, सिमला मिरची, गाजर, ऑलिव्ह, बदाम बाजारातून घेऊन द्यायचे, आणि फरानवर "ब्ला लहम, ब्ला श्हम" म्हणायचं: मांस नको, चरबी नको. दुसरं वाक्य विसरू नका. मांस नको म्हटलं की मांस जातं, चव यावी म्हणून चरबी मात्र राहते, आणि करणाऱ्याला त्यात काही विसंगती वाटत नाही. भट्टीतल्या फळीवर मांसाच्या मदफूनाशेजारीच ही भाजली जाईल, एवढं चालत असेल तरच घ्या. चालत नसेल तर खोब्झ, म्हणजे तिथली साधी गोल भाकरी, ताजी गरम घ्या. त्यात पीठ, पाणी, मीठ, खमीर एवढंच असतं.

शाकाहाऱ्यांनी त्या भागात खरं तर सकाळच्या साध्या खाणावळीत जेवावं. बिसारा मागा: सुक्या फावाचं, म्हणजे वालासारख्या मोठ्या दाण्यांचं दाट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. डिसेंबरच्या थंडीत याच्यासारखं सुख नाही, आणि ते स्वस्तही असतं. लूबिया म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पांढरा घेवडा, अदस म्हणजे मसूर. हे दोन्ही कधी कधी हाडांच्या रश्शात शिजतात, म्हणून विचारून घ्या. झालूक हे भाजलेल्या वांग्याचं, लसूण-टोमॅटोचं कालवण निर्धोक असतं. हरीरा सूप मात्र शाकाहारी समजू नका. त्यात हरभरे, मसूर, टोमॅटो असतात, पण मटणाचे किंवा गोमांसाचे बारीक तुकडे घालण्याची पद्धत आहे. तंबूत हमखास पहिल्यांदा हरीराच येतो, तेव्हा आधी सांगून बिनमांसाचा करून घ्यायचा.

कुसकुसबद्दल एक सांगायचं राहील म्हणून इथेच सांगते. कुसकुस म्हणजे वाफवलेले रव्याचे बारीक दाणे, आणि मोरोक्कोत तो शुक्रवारी दुपारी, नमाजनंतर, घरी खायचा असतो. सोमवारी हॉटेलात मिळणारा कुसकुस पर्यटकांसाठी असतो आणि बहुतेक वेळा कोरडा. शुक्रवारी तुम्ही जिथे असाल तिथे दुपारी तो शोधा, सोबत लबेन मागा. लबेन म्हणजे ताकच, आणि कुसकुसबरोबर ते देण्याची तिथे जुनी रीत आहे. "सात भाज्यांचा" म्हटला तरी त्या भाज्या मांसाबरोबर एकाच रश्शात शिजलेल्या असतात, हे आईंना सांगा.

आता तंबूतलं सोमवारचं रात्रीचं जेवण. ते तुमच्या पैशांत आधीच धरलेलं आहे, त्यामुळे तिथेच जेवायचं आहे. तंबूवाल्यांना आठवडाभर आधी लिहून कळवा, आणि रविवारी पुन्हा आठवण करा, कारण त्यांची खरेदी रविवारच्या बाजारात होते. काय लिहायचं ते नेमकं सांगते. दोघांसाठी भाजीचं ताजीन वेगळ्या भांड्यात, कोंबडीच्या ताजीनमधून भाजी उचलून दिलेली नको. हरीरा बिनमांसाचा. बाकीच्यांना कोंबडी किंवा मेंढी. चहात साखर आधी घालू नये. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्च्या. आणि वडिलांचं जेवण सात वाजता. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. तंबूंमध्ये जेवण साडेआठ-नऊला लागतं, काही ठिकाणी त्याहूनही उशिरा, आणि मधुमेहाच्या औषधाची वेळ त्यात चुकते. सात वाजता निदान सूप, भाकरी आणि अंडी चालत असतील तर टोमॅटोतलं अंड्यांचं ताजीन सहज देता येतं, फक्त त्यांना आधी माहीत हवं.

साखरेचा मुद्दा जरा वाढवते. मोरोक्कन चहा म्हणजे चिनी हिरवा चहा, पुदिन्याची मूठ आणि साखरेच्या सुळक्यातून फोडलेले खडे. आपल्या गोड चहाची सवय असलेल्या माणसालाही तो गोड लागतो. पाहुणा आला की चहा, गालिचा बघितला की चहा, उंटावरून उतरलं की चहा. दिवसभरात किती साखर पोटात जाते याचा पत्ता लागत नाही. "ब्ला सुक्कर" म्हटलं की वेगळी किटली करून देतात, त्यात कुणाचा अपमान होत नाही. डिसेंबरात पुदिना कमी आला की त्याऐवजी शिबा नावाची कडू, राखाडी पानांची वनस्पती घालतात. तिचा वास दवण्याकडे झुकतो. हा चहा जरूर चाखा, थंडीच्याच दिवसांत मिळतो.

खजुराच्या बाबतीत तुमची वेळ अगदी योग्य आहे. काढणी शरद ऋतूत होते आणि डिसेंबरात बाजार नव्या मालानं भरलेला असतो. आज जगभर मेडजूल म्हणून विकला जाणारा मजहूल खजूर मूळचा या ताफिलाल्त भागातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायूद नावाच्या बुरशीच्या रोगानं इथल्या बागा मरत होत्या. 1927 साली जवळच्या बूदनीबहून 11 फुटवे अमेरिकेत नेले गेले, आणि तिथल्या आजच्या मेडजूलच्या बागा त्यांच्यापासून वाढल्या. मजहूल मोठा, मऊ आणि महाग. पण स्थानिक माणूस स्वतःसाठी अनेकदा बूफगूस घेतो: लहान, गडद, मधासारखा. मी तोच घेते. कुठलाही घ्या, दोन-चार दाणे उघडून आत कीड नाही ना ते बघा, विक्रेता त्याला हरकत घेत नाही. वडिलांनी मात्र एखाद्या दाण्यावर थांबावं.

तुमच्याकडे आणखी एक दिवस असेल तर तो मर्झूगात घालवा असं मी आग्रहानं सांगेन, कारण मग गावातही नीट जेवता येतं. मर्झूगाच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर खामलिया हे गाव आहे. सहाराच्या पलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात, ग्नावा नावाचं आपलं पारंपरिक संगीत वाजवतात, आणि सांगून ठेवलं तर दुपारी जेवायलाही घालतात. उत्तरेला हासी लाबियाद, तिथे वाळूच्या पायथ्याशी जमिनीखालच्या कालव्याच्या पाण्यावर जगणारे खजुराचे आणि भाज्यांचे छोटे वाफे आहेत. या गावातल्या घरगुती पाहुणचाराच्या जागा मला मर्झूगाच्या मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलांपेक्षा जास्त आवडतात, कारण तिथे स्वयंपाक घरातल्या बाईच्या हातचा असतो आणि भाजी कधी कधी समोरच्या वाफ्यातली. मी मुद्दाम नावं देत नाही. अशा जागांची चव त्या हंगामात चुलीपाशी कोण आहे यावर असते, पाटीवर नसते. तुम्ही उतरलेल्या ठिकाणच्या माणसाला विचारा, "तुमच्या घरचे पाहुणे आले तर त्यांना कुठे जेवायला न्याल?" "चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलंत तर तो त्याच्या भावाचं नाव सांगेल.

टाळायचं काय, तर एरफूदच्या आसपासच्या त्या मोठ्या, थंडगार दालनांची दुपारची जेवणं, जिथे आधी जीवाश्मांच्या दुकानातून फिरवतात. एरफूदचे जीवाश्म खरोखर बघण्यासारखे असतात, दगडात गोठलेले कोट्यवधी वर्षांपूर्वीचे समुद्री जीव. दुकान बघा, जेवण दुसरीकडे करा.

पोटाची काळजी घ्या. बाटलीबंद पाणी प्या, सिदी अली किंवा ऐन सैस सगळीकडे मिळतं. ताफिलाल्तचं भूजल खारट आहे, चहातही ते जाणवतं. शिजलेलं, वाफाळतं अन्न कुठल्याही टपरीवर खा, कच्ची कोशिंबीर मोठ्या हॉटेलातही विचार करून खा. संत्री आणि डाळिंबं सोलून खायची फळं, ती भरपूर घ्या. रोख दिरहम जवळ ठेवा. एटीएम रिसानीत आहे, पण बाजारात कार्ड चालत नाही. घरून मेतकूट, चटणी, थोडे दशम्या-ठेपले न्यायला काहीच हरकत नाही, वृद्धांना त्याचा आधार वाटतो. कांदा-लसूणही न खाणारं कुणी बरोबर असतं तर मी याहून जास्त शिदोरी न्यायला सांगितली असती, कारण तिथल्या कुठल्याही शिजलेल्या पदार्थातून कांदा वेगळा काढता येत नाही.

ताजीन एकाच भांड्यातून सगळे खातात, उजव्या हातानं, भाकरीच्या तुकड्यानं. ज्यानं त्यानं आपल्या समोरच्या भागातूनच घ्यायचं, मधलं मांस यजमान वाटून देतो. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

तुमचा मंगळवार मी असा आखेन. पहाटे टेकडीवर सूर्योदय, तंबूत न्याहारी: मसेमन, म्हणजे पदर सुटलेली चौकोनी पोळी, ऑलिव्ह तेल, अंडी. नऊला निघून दहाच्या आत रिसानी. आधी खाटीक आणि फरान, मग गाढवांचा वाडा, मसाले आणि खजूर. बाराला मदफूना. एकला गाडीत. अडीच-तीन तासांत तिंगीर, तिथे तोद्राच्या घळीत संध्याकाळी पाय मोकळे करून रात्रीचा मुक्काम तिथेच. माराकेश बुधवारी. तिंगीरच्या मुक्कामाला दुपारीच, मदफूना भट्टीत असताना, फोन करून रात्रीचं जेवण सांगून टाका.